काठावरचा वेग

अंगावर जाड कोट असू द्या. मफलर आणि हातमोजेही घ्या. आपण ज्या घुमटांत शिरणार आहोत तिथं शेकोटी पेटवता येत नाही. दुर्बिणीसमोर ऊब आली की हवा थरथरते आणि तारा एका जागी ठरत नाही.

हा प्रवास एकाच वेळी दोन दिशांनी होईल. वर्षं पुढं सरकत जातील, १९१४ पासून आपल्या काळापर्यंत. आणि प्रत्येक थांब्यावर तुम्ही दीर्घिकेच्या केंद्रापासून आणखी थोडे बाहेर, तिच्या काठाकडे सरकाल. सोबत प्रश्न एकच ठेवा. तारे, वायू, धूळ यांची ही अवाढव्य चकती, जिच्याजवळ जाणं कुणालाच शक्य नाही, ती तोलायची कशी?

फ्लॅगस्टाफ, ॲरिझोना, १९१४

पाइनच्या झाडांमधून चढत जाणारी वाट तुम्हाला मार्स हिलवर आणते. समोर लोवेल वेधशाळेचा लाकडी घुमट आहे. आत २४ इंची भिंगाची लांबलचक दुर्बीण आणि तिच्या टोकाशी उभे असलेले व्हेस्टो स्लायफर. ते मितभाषी आहेत. तुम्ही कोण, कुठून आलात, हे ते विचारत नाहीत. एक काचेची प्लेट तुमच्या हातात देतात आणि भिंग पुढं करतात.

प्लेटवर एका फिकट तेजोमेघाचा वर्णपट आहे. हा तेजोमेघ कन्या राशीच्या बाजूला दिसतो. पुढं त्याला सोम्ब्रेरो म्हणतील. तो आपल्या आकाशगंगेतला आहे की तिच्या पार बाहेरचा, हे १९१४ मध्ये कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. 'दीर्घिका' म्हणून वेगळं काही असतं, हेच अजून ठरायचं आहे.

भिंगातून नीट बघा. वर्णपटातल्या काळ्या रेषा सरळ उभ्या असायला हव्यात. त्या तिरप्या आहेत. हा तिरपेपणा स्लायफरांच्या ओळखीचा आहे, कारण स्वतःभोवती फिरणाऱ्या ग्रहांचे वर्णपट त्यांनी घेतलेले आहेत. फिरणाऱ्या गोष्टीची एक बाजू आपल्याकडे येत असते आणि दुसरी दूर जात असते. येणाऱ्या बाजूच्या रेषा निळ्या टोकाकडे सरकतात, जाणाऱ्या बाजूच्या तांबड्या टोकाकडे. मधली सगळी चकती या दोन टोकांना जोडते, म्हणून रेषा तिरपी दिसते. रेषेचा कल म्हणजे फिरण्याचा वेग. म्हणजे तो तेजोमेघ फिरतो आहे, आणि सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगानं फिरतो आहे.

इथं क्षणभर थांबून एक हिशेब समजून घ्या. पुढचा सगळा प्रवास त्यावरच उभा आहे. ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही: दगड जितका जोरात फिरेल तितकी हाताला ओढ जास्त बसते. तारा दीर्घिकेभोवती फिरतो तेव्हा दोरीच्या जागी गुरुत्वाकर्षण असतं, आणि गुरुत्वाकर्षण वस्तुमानातून येतं. तारा सुटून न जाता वेगानं फिरत असेल, तर त्याला धरून ठेवण्याइतकं वस्तुमान आत असलंच पाहिजे. ताऱ्याच्या वेगाचा वर्ग करा, त्याला केंद्रापासूनच्या अंतरानं गुणा आणि न्यूटनच्या गुरुत्व स्थिरांकानं भागा. जे उत्तर येतं ते ढोबळमानानं त्या ताऱ्याच्या कक्षेच्या आतलं एकूण वस्तुमान.

आपल्याच सूर्यावर हे करून बघा. तो आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर, सेकंदाला सुमारे २२० किलोमीटर वेगानं फिरतो. गणित सांगतं की त्याच्या कक्षेच्या आत सुमारे ९,००० कोटी सूर्यांइतकं वस्तुमान आहे. त्यासाठी एकही तारा मोजावा लागला नाही. एक वेग आणि एक अंतर पुरलं.

मात्र हे उत्तर फक्त 'कक्षेच्या आतलं' असतं. ते शब्द लक्षात ठेवा. जितक्या बाहेरच्या ताऱ्याचा वेग मोजाल, तितकं जास्त वस्तुमान हिशेबात येईल.

माउंट विल्सन, कॅलिफोर्निया, १९१७

ऑगस्टमध्ये तुम्ही ६० इंची दुर्बिणीपाशी पोचता. फ्रान्सिस पीज यांनी ती देवयानी तेजोमेघाकडे रोखलेली आहे. काम सांगायला सोपं आहे: देवयानीचा गाभा वर्णपटलेखकाच्या फटीवर धरून ठेवायचा. पृथ्वी फिरते, दुर्बिणीचं यंत्र तिच्यामागं फिरतं, आणि जिथं यंत्र चुकतं तिथं तुमचा हात ते सावरतो. डोळा नेत्रिकेला, बोटं बटणांवर. पहाट झाली की प्लेट झाकायची, आणि दुसऱ्या रात्री तीच प्लेट पुन्हा उघडायची.

सप्टेंबर येतो, ऑक्टोबर येतो. प्लेट तीच असते. अखेर ती धुतली जाते तेव्हा तिच्यावर ७९ तासांचा प्रकाश जमलेला असतो. एका वर्णपटासाठी ७९ तास.

आणि एवढं करून तुम्ही किती बाहेर गेलात? केंद्राच्या दोन्ही बाजूंना जेमतेम अडीच कला. देवयानी आकाशात सुमारे तीन अंश पसरलेली आहे, म्हणजे पूर्णचंद्राच्या सहापट लांब. अडीच कला म्हणजे चंद्राच्या रुंदीचा बारावा भाग. तुम्ही उंबरठ्यावर उभे आहात. एवढ्या भागात तरी वेग केंद्रापासून बाहेर सरळ वाढत जातो, हे पीज यांना स्पष्ट दिसतं.

या तुटपुंज्या मापावरही एक धाडसी माणूस मोठी इमारत उभी करतो. पाच वर्षांनी, १९२२ मध्ये, एस्टोनियाचे अर्न्स्ट ओपिक असा विचार करतात: फिरण्याच्या वेगावरून वस्तुमान कळतं, आणि देवयानीत दर सूर्याइतक्या वस्तुमानामागं आपल्या परिसराइतकाच प्रकाश निघतो असं मानलं, तर तिचं अंतर काढता येईल. त्यांचं उत्तर येतं सुमारे १५ लाख प्रकाशवर्षं. आज आपण २५ लाख म्हणतो. देवयानी ही स्वतंत्र दीर्घिका आहे हे खगोलशास्त्रज्ञ हबल यांनी सिद्ध करण्याच्या आधीच ओपिक यांनी तिला आकाशगंगेबाहेर, तिच्या खऱ्या जागेच्या जवळ नेऊन ठेवलं.

ओपिक यांनी जे गृहीत धरलं ते तेव्हा सगळ्यांनाच स्वाभाविक वाटत होतं: जिथं उजेड आहे तिथं वस्तुमान, आणि जितका उजेड तितकं वस्तुमान. गाभ्याजवळ हे गृहीतक बऱ्यापैकी चालतं. पण तुम्ही अजून गाभ्याजवळच आहात.

माउंट हॅमिल्टन, कॅलिफोर्निया, १९३९

वळणावळणाचा घाट चढून तुम्ही लिक वेधशाळेत येता. ३६ इंची क्रॉसली परावर्तक दुर्बीण हाताळणारा तरुण आहे होरेस बॅबकॉक. डॉक्टरेटसाठी त्याने तोच विषय घेतला आहे, देवयानीचं भ्रमण. पण त्याला गाभ्यापाशी थांबायचं नाही. देवयानीच्या बाहेरच्या भागात तांबूस चमकणारे वायूचे ढग आहेत. त्यांच्या वर्णपटात ठळक उजळ रेषा असतात, त्यामुळं एवढ्या अंधुक भागातही वेग मोजता येतो. बॅबकॉक केंद्रापासून सुमारे दीड अंशापर्यंत जातो. पीज यांच्या तुलनेत ही फार लांबची मजल आहे.

त्याच्या आलेखाकडे बघा. वस्तुमान उजेडासारखंच गाभ्याकडे दाटलेलं असेल, तर बाहेर जाताना वेग कमी व्हायला हवा होता. तो कमी होत नाही. बॅबकॉक हिशेब करतो तेव्हा काठाकडे उजेड कमी होत जातो आणि वस्तुमान मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही. गाभ्याच्या तुलनेत बाहेरच्या भागात दर एकक उजेडामागं कितीतरी पट जास्त वस्तुमान भरतं.

तो दोन शक्यता लिहून ठेवतो. बाहेरच्या भागात धूळ प्रकाश अडवत असेल, किंवा तिथल्या गतीचे नियम वेगळ्या तऱ्हेनं तपासावे लागतील. नंतरच्या मापांत त्याचे काही वेग जास्त ठरले, हे खरं. पण बोट त्याने योग्य जागी ठेवलं होतं. त्या काळात त्याच्या निष्कर्षाचं स्वागत थंडच झालं. बॅबकॉक दीर्घिकांपासून दूर गेला आणि पुढं सूर्याच्या व ताऱ्यांच्या चुंबकीय क्षेत्रांच्या अभ्यासात त्याने मोठं नाव कमावलं. देवयानीचा काठ पुन्हा वाट बघत राहिला.

ड्विंगेलो, नेदरलँड्स, १९५७

आता भिंग आणि काच मागं ठेवा. सपाट माळावर २५ मीटर व्यासाची जाळीदार थाळी उभी आहे. दिवस असो की ढग असोत, हिचं काम थांबत नाही, कारण ती रेडिओ लहरी ऐकते.

या थाळीमागची कल्पना युद्धकाळातली आहे. १९४४ मध्ये, नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात असताना, हेंड्रिक व्हॅन डे हुल्स्ट यांनी गणितानं दाखवलं की थंड हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडू शकतो. १९५१ मध्ये ही लहर प्रत्यक्ष सापडली. दीर्घिकांमध्ये हायड्रोजन विपुल आहे, आणि तारे जिथं विरळ होत संपतात त्याच्याही पलीकडे तो पसरलेला असतो. म्हणजे जिथं डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथलाही वेग मोजण्याची सोय झाली.

व्हॅन डे हुल्स्ट आणि त्यांचे सहकारी ही थाळी देवयानीकडे वळवतात. कागदाच्या पट्टीवर लेखणी वरखाली होत जाते. देवयानीची एक बाजू जवळ येताना आणि दुसरी लांब जाताना २१ सेंटिमीटरच्या लहरीतही तशीच पकडली जाते. वेग काठाकडेही टिकून आहे. पण एका थाळीची नजर ढोबळ असते. शेजारशेजारचे भाग ती एकमेकांत मिसळते. शंका घ्यायला जागा उरते.

ॲरिझोना, १९६७ आणि १९६८

इथं आपण जास्त वेळ थांबू.

टूसॉनच्या नैर्ऋत्येला किट पीकचा डोंगर आहे. ८४ इंची दुर्बिणीच्या घुमटात दोन माणसं काम करताहेत. केंट फोर्ड यांनी वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेत एक नवं यंत्र बांधलं आहे: प्रतिमानलिका बसवलेला वर्णपटलेखक. त्यात आलेला प्रकाश आधी इलेक्ट्रॉनमध्ये बदलतो, ते इलेक्ट्रॉन वेगानं पडद्यावर आदळतात, आणि पडद्यावरच्या उजळ प्रतिमेचा फोटो निघतो. जे पूर्वी दहा तासांत व्हायचं ते आता एका तासात होतं. पीज यांचे ७९ तास आठवा, म्हणजे या यंत्राची किंमत कळेल.

दुसऱ्या आहेत व्हेरा रुबिन. चाळिशीच्या उंबरठ्यावर, चार मुलांची आई. पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीवर अधिकृतपणे निरीक्षणाची परवानगी मिळालेली पहिली स्त्री, तीही १९६५ मध्ये. या दोघांनी आधी क्वासार या दूरच्या, अतितेजस्वी पिंडांवर काम केलं होतं. तिथं सगळ्यांचीच धावपळ होती, रोज कुणीतरी विचारायचं की मापं झाली का. रुबिन यांना असा विषय हवा होता जिथं शांतपणे, खात्री होईपर्यंत काम करता येईल. म्हणून त्यांनी देवयानी निवडली. तिचा गाभा आणि तिचा काठ, दोन्ही.

तुमचं काम ठरलेलं आहे. देवयानीतले चमकणारे वायूचे ढग नेत्रिकेतून दिसत नाहीत, इतके ते अंधुक आहेत. वॉल्टर बाडे यांनी पूर्वी घेतलेल्या छायाचित्रांवरून त्यांच्या जागा ठाऊक आहेत. जवळचा एखादा दिसणारा तारा धरायचा, तिथून मोजून दुर्बीण सरकवायची, आणि जिथं डोळ्याला फक्त काळोख दिसतो तिथं फट ठेवायची. मग तासभर, कधी दीड तास, तो काळोख जागचा हलू द्यायचा नाही.

प्लेट घेऊन डार्करूममध्ये जा. लाल दिवाही नाही. हातानं चाचपत प्लेट रसायनात सोडायची. धुऊन, उजेडात धरून बघा: हायड्रोजनची तांबडी रेषा आहे, आपल्या जागेवरून किंचित सरकलेली. सेकंदाला २०० किलोमीटर वेग म्हणजे ६,५६३ अँगस्ट्रॉमवरची ही रेषा साडेचार अँगस्ट्रॉमनं सुद्धा सरकत नाही. एवढंसं सरकणं सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं आणि त्यातून एका दीर्घिकेचं वस्तुमान काढायचं. म्हणूनच रुबिन घाई करत नाहीत.

आता आलेखाचा कागद पुढं ओढा. आडवी रेघ केंद्रापासूनच्या अंतराची, उभी वेगाची. देवयानी आपल्याला बरीच कलती दिसते, त्यामुळं कल लक्षात घेऊन वेगात सुधारणा करायची आणि एक ठिपका ठेवायचा. पुढची रात्र, पुढचे चार-पाच ठिपके. कधी किट पीक, कधी फ्लॅगस्टाफजवळची ७२ इंची दुर्बीण.

ठिपके ठेवताना तुमच्या मनात एक अपेक्षा आहे, आणि ती चुकीची म्हणता येत नाही. आपल्या सूर्यमालेत जवळजवळ सगळं वस्तुमान सूर्यात आहे. म्हणून बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगानं फिरतो, पृथ्वी ३०, गुरू १३, आणि नेपच्यून साडेपाचच्याही आत. अंतर चौपट झालं की वेग निम्मा होतो. देवयानीचा उजेडही गाभ्याकडे दाटलेला आहे. मग तिच्या काठाचे ढगही सावकाश फिरायला हवेत.

पहिले ठिपके वर चढतात. केंद्रापासून सुमारे ३२,००० प्रकाशवर्षांवर वेग सेकंदाला २७० किलोमीटरपर्यंत पोचतो. इथून पुढं उतार लागेल म्हणून तुम्ही बोट ठेवता. पुढचा ठिपका थोडाच खाली येतो. त्याच्या पुढचाही. सुमारे ७८,००० प्रकाशवर्षांपर्यंत, जिथं दीर्घिकेचा उजेड नावापुरता उरलेला असतो, तिथंही वेग दोनशेच्या घरात टिकून आहे. नेपच्यूनसारखी घसरण कुठंच नाही.

अशा ६७ ढगांचे वेग जमले. डिसेंबर १९६८ मध्ये ऑस्टिनच्या परिषदेत रुबिन यांनी हे मांडलं, तेव्हा अजून शेकडो ढग मोजायचे आहेत असं त्यांचं म्हणणं होतं. ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ रुडॉल्फ मिन्कोव्स्की यांनी त्यांना निक्षून सांगितलं की हे आत्ताच छापा. १९७० मध्ये शोधनिबंध आला. ७८,००० प्रकाशवर्षांच्या आत देवयानीचं वस्तुमान: १८,५०० कोटी सूर्य. त्याच्या पलीकडे काय असेल, याचा अंदाज बांधायला दोघांनी नकार दिला. मोजलं तेवढंच लिहिलं. मला या संपूर्ण इतिहासातली ही सर्वांत आदरणीय गोष्ट वाटते, कारण मोठा दावा करण्याची संधी समोर असताना त्यांनी मापाच्या टोकाशी लेखणी थांबवली.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात केन फ्रीमन यांनी दोन लहान सर्पिल दीर्घिकांच्या उपलब्ध मापांकडे बघून लिहिलं की ही मापं बरोबर असतील, तर तिथं न दिसणारं द्रव्य असलं पाहिजे आणि ते निदान दिसणाऱ्याइतकं तरी असलं पाहिजे. दोन खंडांवर, वेगवेगळ्या वाटांनी, माणसं एकाच दारापाशी येत होती.

सत्तरचं दशक, धावत्या पावलांनी

आता जरा वेगानं चला. पुरावे एकामागून एक येऊ लागले आहेत.

१९७३: प्रिन्स्टनमध्ये जेरेमाया ऑस्ट्रायकर आणि जिम पीबल्स संगणकावर चकत्या फिरवून बघतात. नुसती ताऱ्यांची चकती स्थिर राहत नाही, लवकरच विस्कटते. तिच्याभोवती वस्तुमानाचं मोठं, गोलसर वेष्टन मानलं की ती सावरते.

१९७५: मॉर्टन रॉबर्ट्स आणि रॉबर्ट व्हाइटहर्स्ट हायड्रोजनच्या लहरीवरून देवयानीच्या वेगाची मापं रुबिन यांच्या शेवटच्या ठिपक्याच्याही पलीकडे नेतात. वेग तिथंही पडत नाही.

१९७८: नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला अल्बर्ट बोस्मा यांचा प्रबंध उघडा. वेस्टरबोर्क रेडिओ दुर्बिणीच्या अनेक थाळ्या मिळून एकच मोठी नजर बनतात, त्यामुळं ड्विंगेलोची ढोबळपणाची अडचण दूर झालेली आहे. पानामागून पान वेगवेगळ्या दीर्घिकांचे आलेख आहेत, आणि जवळजवळ सगळे काठाकडे सपाट.

१९८०: रुबिन, फोर्ड आणि नॉर्बर्ट थॉनार्ड २१ सर्पिल दीर्घिकांचे वेग छापतात. लहानात लहान आणि मोठ्यात मोठी अशा मुद्दाम निवडलेल्या. घसरणारी एकही नाही.

सपाट रेघेचा अर्थ नीट बघा. हिशेबाचं सूत्र तेच आहे, वेगाचा वर्ग गुणिले अंतर. वेग तसाच राहिला आणि अंतर दुप्पट झालं, तर आतलं वस्तुमान दुप्पट होतं. तिप्पट अंतर, तिप्पट वस्तुमान. म्हणजे तारे संपले तरी वस्तुमान वाढतच राहिलं. जे वाढतं आहे ते प्रकाश देत नाही. त्यालाच आपण कृष्णद्रव्य म्हणतो.

याच दशकातली आणखी एक गोष्ट उचलून घ्या, कारण ती सपाट रेघेइतकीच विलक्षण आहे. १९७७ मध्ये ब्रेंट टली आणि रिचर्ड फिशर यांनी दाखवलं की सर्पिल दीर्घिका जितकी वेगानं फिरते तितकी ती मुळात तेजस्वी असते, आणि हे नातं फार घट्ट आहे. याचा तात्काळ उपयोग झाला: फिरण्याचा वेग मोजा, खरं तेज काढा, दिसणाऱ्या तेजाशी ताडून बघा, अंतर हातात. पुढं स्टेसी मॅकगॉ आणि सहकाऱ्यांनी ताऱ्यांबरोबर वायूही हिशेबात धरला, तेव्हा नातं आणखी नेटकं झालं: तारे आणि वायूचं मिळून वस्तुमान वेगाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतं. वेग दुप्पट, तर हे वस्तुमान सोळापट.

इथं गुंता आहे, आणि तो टाळून पुढं जाणं योग्य नव्हे. काठाचा वेग जर न दिसणाऱ्या द्रव्यामुळं ठरत असेल, तर दिसणाऱ्या द्रव्याला त्याची इतकी अचूक खबर कशी? इस्राएलचे मोर्देहाय मिल्ग्रोम यांनी १९८३ मध्ये सुचवलं की कृष्णद्रव्य नसेलच, अतिशय क्षीण ओढीच्या ठिकाणी गतीचा नियमच बदलत असेल; आणि त्यांच्या नियमातून हा चौथा घात आपोआप निघतो. दुसरीकडे दीर्घिकांचे समूह, गुरुत्वानं वाकणारा प्रकाश आणि विश्वाच्या बालपणातलं सूक्ष्मलहरींचं प्रारण यांचा एकत्रित हिशेब कृष्णद्रव्याच्या बाजूनं झुकतो, आणि ते साध्या द्रव्याच्या पाचपटीहून जास्त आहे असं सांगतो. बहुसंख्य शास्त्रज्ञ कृष्णद्रव्य मानतात. पण त्याचा कण आजवर कुठल्याही प्रयोगशाळेत पकडला गेलेला नाही.

खोडद, तालुका जुन्नर, २००५

कोट काढून ठेवा. उन्हाळ्याची चाहूल लागली आहे. नारायणगावहून निघालेला रस्ता कांद्याच्या आणि द्राक्षांच्या शेतांमधून जातो, आणि शेतांच्या पलीकडे आभाळाकडे तोंड करून थाळ्या उभ्या आहेत. प्रत्येक ४५ मीटर व्यासाची. तीस थाळ्या, त्यांतल्या चौदा खोडदजवळ दाटीनं, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर. दोन टोकांतलं अंतर सुमारे २५ किलोमीटर. ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, जीएमआरटी. गोविंद स्वरूप यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या आपल्या सहकाऱ्यांसह ती उभारली. थाळीचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा नाही, ताणलेल्या तारांच्या जाळीचा आहे. वारा आरपार जातो आणि खर्चही आवाक्यात राहतो.

मोबाइल बंद करा. इथं त्याचा आवाज आकाशातल्या कुठल्याही दीर्घिकेपेक्षा मोठा असतो.

अयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि रशियाचे इगोर काराचेंत्सेव यांनी या थाळ्या बटू दीर्घिकांकडे वळवल्या आहेत. त्यांतली एक सप्तर्षींच्या परिसरात आहे, एनजीसी ३७४१, आपल्यापासून सुमारे एक कोटी प्रकाशवर्षांवर. मोठ्या दुर्बिणीतल्या छायाचित्रातही ती चिमुकल्या फिकट डागासारखी दिसते. देवयानीसमोर ती काहीच नाही.

हायड्रोजनच्या लहरीत मात्र तिचं वेगळंच रूप उलगडतं. दिसणाऱ्या दीर्घिकेच्या आठपटीहून जास्त त्रिज्येपर्यंत तिचा वायू पसरलेला आहे, आणि तो सगळा शिस्तीनं फिरतो आहे. पीज यांनी उंबरठ्यापर्यंत नेलेली मोजणी इथं उजेडाच्या हद्दीपासून कितीतरी दूर जाऊन पोचली आहे. आता तुम्हाला सूत्र पाठ आहे. वेग घ्या, अंतर घ्या, हिशेब करा. सूर्याइतक्या दर एकक प्रकाशामागं या दीर्घिकेत सुमारे १०७ सूर्यांइतकं वस्तुमान भरतं. जितका उजेड तितकं वस्तुमान, हे ओपिक यांच्या काळचं गृहीतक इथं पुरतं मोडून पडतं. आणि ते मोडणारं माप जुन्नर तालुक्यातल्या जाळीच्या थाळ्यांनी घेतलं.

एका शतकाच्या या वाटेवर कुणा एका व्यक्तीला एका रात्रीत साक्षात्कार झाला नाही. स्लायफरांनी रेषेचा कल ओळखला, पीज यांनी तीन महिने एक प्लेट जपली, बॅबकॉकने न पटणारी संख्या न लपवता छापली, रुबिन आणि फोर्ड यांनी खात्री होईपर्यंत ठिपके जमवले, आणि बोस्मांपासून खोडदपर्यंतच्या माणसांनी मोजणी अंधारात पुढं नेली. प्रत्येकानं आधीच्यापेक्षा थोडं बाहेर जाऊन मोजलं, आणि प्रत्येक वेळी काठानं तेच सांगितलं. दीर्घिकेचा उजेड तिच्या ताऱ्यांची ओळख करून देतो. तिचं एकूण वस्तुमान तिच्या फिरण्यातूनच कळतं, आणि तेही काठापर्यंत जाऊन मोजलं तर.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदची वेधशाळा सर्वांसाठी खुली असते. शाळांचे प्रयोग मांडलेले असतात आणि काम करणारे शास्त्रज्ञ प्रश्नांना उत्तरं द्यायला हजर असतात. घरातल्या मुलांना घेऊन तिथं जा. थाळी दाखवा, वेगाचा वर्ग गुणिले अंतर हे गणित त्यांच्याकडून करून घ्या, आणि कृष्णद्रव्याचा कण अजून कुणालाच सापडलेला नाही हेही त्यांना सांगा. ते काम त्यांच्या पिढीसाठी शिल्लक आहे.